आधी माउस बाजूला ठेव

मिठाईवाल्यांची साइट करतोयस ना? ती दिव्यांगांनाही वापरता यायला हवी. मग माउस काढून ठेव आणि फक्त टॅब-एंटरवर एक ऑर्डर पूर्ण करून बघ. तू जिथे अडकशील, तिथेच माउस वापरू न शकणारं त्यांचं गिऱ्हाईक अडकतं. मग एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर उतरवून घे (फुकट आहे) आणि डोळे मिटून ऐक. दरपत्रक नुसतं चित्र म्हणून टाकलंस, तर अंध माणसाला दर कळणारच नाहीत. ते मजकुरात लिही. कोडमध्ये पानाची भाषा 'एमआर' (mr, म्हणजे मराठी) नोंदव, आपल्याकडे हे सर्रास राहून जातं आणि मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचला जातो. फिकट राखाडी अक्षरं नकोत, पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ इतका उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) हवा. मालक कुरकुरले तर सांग, २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खासगी सेवांनाही लागू आहे.