ख्रिस्ती श्रद्धा असलेल्याने मनोविश्लेषणाची मदत घेतली तर श्रद्धा ढळते का?

नाही. मनोविश्लेषण म्हणजे मनात दडलेलं बोलण्यातून उलगडण्याचा उपचार. त्याचा जनक फ्रॉइड, त्याने १९२७ मध्ये धर्माला भ्रम ठरवलं. त्याचे मित्र आणि स्वतः मनोविश्लेषण करणारे झुरिकचे पाळक ऑस्कर फिस्टर यांनी पुढच्याच वर्षी त्याला छापील उत्तर दिलं. पण ना मैत्री तुटली, ना त्यांनी मनोविश्लेषण सोडलं.

पापनिवेदनात, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली देताना, माणूस स्वतःला ठाऊक असलेलं सांगतो, मनोविश्लेषणात ठाऊक नसलेलंही वर येतं. आमच्या यवतमाळकडच्या गावात मोठेबाबा दर खेपेला फादरांना एकच सांगायचे, "बापाशी शेवटपर्यंत बोललो नाई." क्षमा मिळायची, झोप नाही. रात्र रात्र कापसाच्या गंजीजवळ बसून राहायचे. अशा माणसाला ‘विश्वास कमी पडला’ असं कृपा करून म्हणू नका! फादर तसं म्हणाले नाहीत. त्यांनीच मोठेबाबांना मानसोपचारतज्ज्ञाकडे धाडलं, पहिल्या दिवशी स्वतः एसटीने सोबत गेले.