फाइलींच्या पोटातला मजकूर कसा शोधावा?

प्रश्न : आमच्या तालुक्यातील जुन्या विहिरी, बारवा आणि देवळे यांविषयीची टिपणे मी अनेक वर्षे संगणकावर लिहीत आलो आहे. साध्या मजकुराच्या फाइली, वर्डच्या फाइली आणि पीडीएफ असा हा पसारा कितीतरी फोल्डरांत विखुरलेला आहे. लॅपटॉपवर उबंटू ही लिनक्स प्रणाली आहे. एका माजी विद्यार्थ्याने टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टंकण्याच्या खिडकीतून, फाइलींतील मजकूर शोधणारी ‘ग्रेप’ ही आज्ञा वापरण्यास सांगितले. तिचा उपयोग होतो, परंतु ज्या फाइलींत ‘विहीर’ हा शब्द आहे असे मला नक्की ठाऊक आहे, त्यांपैकी काही फाइली यादीत येतच नाहीत. असे का व्हावे?
– एक निवृत्त शिक्षक, वाई

उत्तर : आपण निवडलेले साधन योग्यच आहे. केन थॉम्पसन यांनी ‘ग्रेप’ बेल प्रयोगशाळेत लिहिली आणि १९७३ मध्ये ती युनिक्स या संगणक-प्रणालीबरोबर इतरांच्या हाती आली. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या ‘फेडरलिस्ट’ लेखांपैकी कोणते लेख कोणाचे, हे मजकुरावरून ताडून पाहण्याचे काम त्यांचे सहकारी ली मॅकमॅहन यांना करायचे होते आणि तेवढा मजकूर त्या काळच्या मजकूर-संपादक प्रोग्रामात मावत नव्हता, ही तिच्या जन्माची सांगितली जाणारी हकीकत आहे. म्हणजे जुन्या कागदांचा धांडोळा घेणे हे तिचे मूळचेच काम आहे.

प्रथम आज्ञेची मांडणी पाहू. येथे ती देवनागरीत छापली आहे. टंकताना आज्ञेचे नाव आणि पर्याय रोमन लिपीतील लहान अक्षरांत लिहावेत, शोधायचा शब्द मात्र देवनागरीतच ठेवावा.

ग्रेप -आर -एन -एस 'विहीर' ~/टिपणे

‘~’ म्हणजे आपले होम फोल्डर. ‘आर’मुळे फोल्डरांतील फोल्डरही धुंडाळले जातात, ‘एन’मुळे ओळीचा क्रमांक मिळतो आणि ‘एस’मुळे न उघडणाऱ्या फाइलींच्या तक्रारी पडद्यावर येत नाहीत. केवळ फाइलींची नावे हवी असतील तर ‘एन’ऐवजी ‘एल’ द्यावा. ओळीच्या मागचापुढचा संदर्भही हवा असेल तर मोठ्या लिपीतील ‘सी’ आणि त्यापुढे ओळींची संख्या द्यावी. ‘आर’ही विसरला आणि फोल्डरही सांगायचे राहिले, तर आज्ञा कळफलकावरून येणाऱ्या मजकुराची वाट पाहत बसते आणि संगणक अडकल्यासारखा वाटतो; अशा वेळी कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबून बाहेर पडावे. संपूर्ण संगणक धुंडाळण्याच्या उत्साहात नुसती तिरकी रेघ देऊन मुळापासून शोध सुरू करू नये, कारण तेथे ‘प्रॉक’ आणि ‘सिस’ ही प्रणालीची आभासी फोल्डरेही लागतात आणि त्यांत आपले टिपण असण्याचा संभव नसतो. आपल्या होम फोल्डरपुरता शोध पुरेसा आहे.

आता आपल्या मूळ शंकेकडे वळू. ‘ग्रेप’ शब्द जाणत नाही. ती फाइलीत साठवलेले संकेत एकापुढे एक ताडून पाहते. त्यामुळे पहिली अडचण खुद्द मराठीच्या सामान्यरूपाची आहे. ‘विहीर’ शोधल्यावर ‘विहिरीत’, ‘विहिरींचे’, ‘विहिरीजवळ’ यांपैकी काहीही सापडणार नाही, कारण दीर्घ वेलांटीच्या जागी तेथे ऱ्हस्व वेलांटी आहे. आपल्या टिपणांत नुसते ‘विहीर’ कमी आणि ‘विहिरीत’ अधिक असणार, हे उघड आहे. ‘बारव’ या शब्दाला ही अडचण नाही, ‘बारवेत’ आणि ‘बारवांची’ त्याच शोधात सापडतात. ‘देऊळ’ मात्र ‘देवळात’ होताना पार बदलते, आणि नुसते ‘देव’ शोधावे तर देवापासून देवघेवीपर्यंत सारेच हाती लागते. यावर उपाय असा :

ग्रेप -आर -एन -ई 'विहीर|विहिर|देऊळ|देवळ' ~/टिपणे

येथे ‘ई’ मोठ्या लिपीतील आहे आणि उभी रेघ ‘किंवा’ या अर्थी आहे. अवतरणचिन्हे गाळू नयेत. ती नसतील तर टर्मिनल त्या रेघेचा वेगळाच अर्थ लावते.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘पायऱ्या’ या शब्दातील अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो : काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त देतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर जोडणीचे एक अदृश्य चिन्ह देतात. छापील रूप एकच, संकेत निराळे. ‘ॲ’ची कथाही अशीच आहे. त्याचा स्वतंत्र संकेत युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरांना संकेत देणाऱ्या जागतिक पद्धतीत, २००८ साली आला, त्यापूर्वीच्या आणि नंतरच्याही पुष्कळ मजकुरात तो ‘अ’वर चंद्र चढवून लिहिलेला आढळतो. भिंगातून पाहूनही हा फरक कळत नाही, म्हणून अशा शब्दांची दोन्ही रूपे आपल्याच जुन्या आणि नव्या फाइलींतून उचलून शोधात उभ्या रेघेच्या दोन बाजूंना चिकटवावीत, हा मला सर्वांत खात्रीचा मार्ग वाटतो.

याखेरीज फाइलीचा प्रकार पाहावा लागतो. वर्डची डॉक्स फाइल ही प्रत्यक्षात आवळून बांधलेली झिप असते, तिच्यातील मजकूर ‘ग्रेप’ला उघडा दिसत नाही, लिब्रेऑफिसमधून त्या फाइलींच्या साध्या मजकुराच्या प्रती काढून मग शोधावे. पीडीएफसाठी ‘पीडीएफटूटेक्स्ट’ आहे, पण देवनागरी पीडीएफमधून बाहेर पडणारा मजकूर पुष्कळदा वेलांट्या भलतीकडे गेलेला असतो, तेव्हा त्यावर फार भिस्त ठेवू नये. स्कॅन केलेली पाने तर चित्रेच आहेत. श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांत टंकलेला मजकूरही सापडणार नाही, कारण तेथे पडद्यावर मराठी दिसली तरी साठवण युनिकोडची नसते. तो आधी परिवर्तकातून काढावा लागेल.

आणखी एक शक्यता आहे, आणि आपल्याकडे पूर्वी विंडोज असेल तर दाट आहे. मे २०१९ च्या विंडोज आवृत्तीपूर्वी नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ ही युनिकोड मजकूर साठवण्याची प्रचलित पद्धत निवडत नसे, त्यामुळे देवनागरी टिकवण्यासाठी अनेकांनी साठवताना ‘युनिकोड’ असा पर्याय निवडला. ती साठवण यूटीएफ-१६ या निराळ्या पद्धतीची असते. अशा फाइलीतील शब्द संपादकात व्यवस्थित दिसतो, परंतु ‘ग्रेप’ला सापडत नाही. ‘आयकॉन्व्ह’ या आज्ञेने त्या फाइलींच्या यूटीएफ-८ प्रती काढाव्यात आणि ताडून पाहीपर्यंत मूळ फाइली राखून ठेवाव्यात.

प्रश्न : माझ्याकडे विंडोज आहे. तेथे असा शोध घेता येतो का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : येतो. जुनी ‘फाइंडस्टर’ ही आज्ञा इंग्रजी मजकुराला ठीक आहे, मराठीसाठी ती वापरू नये. पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा-खिडकीतील ‘सिलेक्ट-स्ट्रिंग’ यूटीएफ-८ मजकूर नीट वाचते. ‘गेट-चाइल्डआयटम’ला ‘रिकर्स’ हा पर्याय देऊन मिळालेली फाइलींची यादी तिच्याकडे सोपवावी. याहून सोयीचे म्हणजे ‘रिपग्रेप’ हे मोफत साधन. अँड्र्यू गॅलंट यांनी ते २०१६ मध्ये प्रसिद्ध केले. ते वेगवान आहे आणि नोटपॅडने साठवलेल्या यूटीएफ-१६ फाइली ते स्वतः ओळखून वाचते. वाईच्या वाचकांनीही ते उबंटूवर घ्यायला हरकत नाही. मात्र ते लपवलेली फोल्डरे आणि प्रोग्रामरांनी ‘वगळा’ म्हणून नोंदवलेल्या फाइली आपणहून सोडून देते. त्याही पाहायच्या असतील तर ‘यू’ हे अक्षर सलग दोनदा, अर्थात आधी आडवी रेघ देऊन, लिहावे लागते.