साठच्या दशकातील मराठी गाणी आजच्या गाण्यांपेक्षा खरोखरच सरस होती का?

शब्दांच्या बाबतीत होय, असे माझे स्पष्ट मत आहे. एकूण संगीताबाबत मात्र असा सरसकट निवाडा देणे अन्यायाचे ठरेल. त्या दशकातील सुमार गाणी केव्हाच विस्मरणात गेली आणि निवडक तेवढी उरली, तर आजचे बरे-वाईट सगळेच एकदम कानांवर आदळते, त्यामुळे ही तुलना मुळातच विषम आहे. तरीही गदिमा, शांता शेळके, मंगेश पाडगावकर यांच्यासारखे कवी तेव्हा गाण्यांसाठी लिहीत होते, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या (७८ आरपीएम) ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत असल्याने मुखडा (ध्रुवपद) आणि दोन-तीन अंतऱ्यांत (कडव्यांत) सगळा भाव बसवावा लागे, आणि गायक व वादकांचे ध्वनिमुद्रण बहुधा एकत्रच होत असल्याने कसून तालीम केल्यावाचून गत्यंतर नसे.

वाद्यमेळ आणि ध्वनिमुद्रणात आजचे पारडे निःसंशय जड आहे. अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी (२०१६) सिम्फनी वाद्यवृंद वापरला, त्यातील व्हायोलिनचे एकमेकांवर चढत जाणारे थर हेडफोन लावून जरूर ऐकावेत. मनापासून खंत वाटते ती याची, की इतकी साधने हाताशी असूनही आजच्या कित्येक गाण्यांतला अंतरा मुखड्याच्या पुढे एकही नवा विचार मांडत नाही.