आचारी की आचार्य?

टायपिंग शिकतोयस ना, मग इन्स्क्रिप्टच शिक, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराचं बटण ठरलेलं असतं ती कीबोर्डची मांडणी. इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी करायची सवय लागली की सुटत नाही बघ. बेळगावात छपाईचं काम करायचं तर आणखी एक फायदा: मराठीचा 'क' ज्या बटणावर, कन्नडचा 'ಕ'ही त्याच बटणावर. बोटं एकदाच घडवायची, भाषा तेवढी बदलायची. खडेबाजारातली निमंत्रणपत्रिका सकाळी मराठीत, दुपारी कन्नडमध्ये, असं इथं रोजचंच आहे की.

जुन्या फॉन्टात टाइप करून गिऱ्हाईकाला मोबाइलवर पाठवू नकोस. त्याला नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्येच ठेव, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर मराठी मराठीच दिसतं.

आणि ऱ सांभाळ. शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ (/): ऱ्य. शिफ्ट विसरलास की र्य. खानापूरच्या एका पत्रिकेत मी नेमकं उलटं केलं होतं, 'आचार्यांचे आशीर्वाद'च्या जागी 'आचाऱ्यांचे'! तीनशे प्रती माझ्या खिशातून परत छापल्या. प्रूफ मोठ्यानं वाचून दाखव, गिऱ्हाईकाची सही घे, मगच मशीनला लाव.