नुकसान कोणाचं, तोटा कोणाला?

तुमचा प्रश्न असा : 'नुकसान', 'हानी', 'तोटा', 'इजा' यांचा अर्थ एकच असेल, तर एकाच्या जागी दुसरा का चालत नाही?

कारण अर्थ एक नाहीच. आणि फरक विभक्तीत चटकन दिसतो. आपण 'माझं नुकसान झालं' म्हणतो, पण 'मला तोटा झाला', 'मला इजा झाली'. हल्ली 'मला नुकसान झालं', किंवा त्याहून वाईट म्हणजे 'माझा नुकसान झाला' ऐकू येतं. ही हिंदीची छाया आहे, आणि मला ती मनापासून खटकते. मराठीत ते नुकसान, नपुंसकलिंगी.

'नुकसान' मूळ अरबी. तिथे अर्थ कमी होणं, उणीव. मराठीतही तोच धागा आहे : जे आपलं होतं किंवा होऊ शकलं असतं, ते उणावलं. म्हणून ते पैशापुरतं नसतं. महिनाभर वर्ग बुडाले तर मुलांचं नुकसान होतं, तोटा होत नाही. 'मी आलो तर तुझं काय नुकसान आहे?' यात तर पैशाचा संबंधच नाही.

दुकानदाराचं उदाहरण घ्या. शंभराची वस्तू ऐंशीला विकावी लागली, तर वीसचा तोटा. छत गळून माल भिजला, तर मालाचं नुकसान. तोच माल पडत्या भावात काढला की त्यातून तोटा. ('तोटा' म्हणजे टंचाईही, पण बहुधा नकारातच : 'हौसेला तोटा नाही.')

शरीराची गोष्ट आली की 'नुकसान' मागे सरतं. 'अपघातात तिघांचं नुकसान झालं' असं वाचलं तर गाड्या मोडल्या असं वाटेल. हातपाय मोडले असतील तर 'तिघांना इजा झाली' किंवा 'दुखापत झाली'. खाल्लेलं सोसलं नाही तर ते 'बाधतं'. हिंदीत तिथेही 'नुकसान करता है' चालतं, मराठीत नाही.

'हानी' संस्कृत, जरा भारदस्त, समासात रमणारी : जीवितहानी, वित्तहानी, मानहानी. 'जीवितनुकसान' कोणी म्हणत नाही. पण मानहानीचाच जोडीदार 'अब्रुनुकसानी' पाहा : फारसी 'अब्रू'शेजारी अरबी 'नुकसानी', आणि लिंग बदलून स्त्रीलिंग. दावा लावताना दोन्ही शब्द चालतात. भरपाई मात्र नुकसानाचीच मागतात. 'हानीभरपाई' मी तरी कुठल्या अर्जात पाहिलेली नाही.