नागपुरात लॉ शिकताना माध्यम आणि टेलिकॉम कायद्यात लोकहिताची इंटर्नशिप कुठे मिळेल?

खरं सांगायचं तर या विषयाचं बरंचसं काम दिल्लीत चालतं. टेलिकॉमचे तंटे ऐकणारं टीडीसॅट तिथेच, टेलिकॉम क्षेत्राची नियामक संस्था ट्रायही तिथेच. डिजिटल हक्कांसाठी लढणारी इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनसुद्धा दिल्लीचीच. एखाद्या सुट्टीत तिकडे राहायची तयारी ठेवा, आणि मानधनाचं आधीच विचारून घ्या. संकोच करू नका, खोलीभाडं तुम्हालाच भरायचंय.

अर्जासोबत नुसता सीव्ही नको. ट्राय आपले कन्सल्टेशन पेपर वेबसाइटवर टाकते आणि त्यावर कुणीही मत पाठवू शकतं, विद्यार्थीसुद्धा. एखाद्या पेपरवर चार पानी टिप्पणी लिहून पाठवा, तीच लिखाणाचा नमुना म्हणून जोडा. त्याआधी २०२३ चा दूरसंचार कायदा आणि इंटरनेटबंदीवरचा सुप्रीम कोर्टाचा २०२० चा अनुराधा भसीन निकाल मुळातून वाचा. यूट्यूबवरचा सारांश चालणार नाही.

बाकी वर्षभर नागपुरात सिव्हिल लाइन्समधलं हायकोर्टाचं खंडपीठ आहेच. रिट आणि जनहित याचिका चालवणाऱ्या वकिलाकडे बसा, ड्राफ्टिंग तिथेच शिकाल. सुरुवातीला पैसा मात्र बेताचाच, हे घरी आत्ताच सांगून ठेवा.