त्याचा मोबाईल काढून घेऊ का?

खेळणाऱ्या मुलांचे आईवडील हल्ली हा प्रश्न हमखास घेऊन येतात. हा अनुभव त्यांच्यासाठी, ओळखीच्या खुणा बदलून.

मुलगा 17 वर्षांचा, कबड्डीपटू. गावोगावच्या स्पर्धा आता यूट्यूबवर थेट दिसतात. शेवटच्या चढाईत कुणालाही न शिवता त्याचा पाय लॉबीत, म्हणजे कुणाला शिवल्यावरच खुल्या होणाऱ्या मैदानाच्या कडेच्या पट्टीत, पडला, तो बाद झाला आणि संघ एका गुणाने हरला. त्याच रात्री तेवढ्याच क्षणाची रील फिरली. खाली 'पैसे खाल्ले', 'घरी बस', आईवरून शिव्या. मुलाने सराव सोडला.

वडिलांशी बोलताना कळलं, की ते स्वतः रात्र रात्र जागून प्रत्येक कमेंटला उत्तर देत होते. त्यामागची माया मला दिसत होती. पण जिथे भांडण रंगतं, ती रील ही माध्यमं आणखी लोकांपुढे नेतात. म्हणून आधी त्यांनीच मोबाईल खाली ठेवावा, असं मी सांगितलं. मुलाचा काढून घेतला असता, तर त्याने मित्राच्या मोबाईलवर तेच पाहिलं असतं आणि वर चुकीची शिक्षा मिळाली असं त्याच्या मनाने घेतलं असतं. शिव्यांचे शब्द गाळण्याची इन्स्टाग्रामवरची सोय बहिणीने सुरू करून दिली. एक-दोन धमक्या होत्या, त्यांचे स्क्रीनशॉट सायबर पोलिसांसाठी जपून ठेवले.

मुलाला ती रील पाठ झाली होती. मी त्याला प्रशिक्षकांसोबत पूर्ण सामना बघायला लावला. ती 'करो या मरो' चढाई होती, म्हणजे रिकाम्या हाताने परतला असता तरी तो बादच होता! धोका पत्करणं भागच होतं. रीलमध्ये हे कुठून दिसणार?

क्रिकेटपटू अर्शदीप सिंगचा विषय त्यानेच काढला. 4 सप्टेंबर 2022ला दुबईत, आशिया कपमध्ये पाकिस्तानविरुद्ध त्याच्या हातून झेल सुटला आणि अर्शदीपला थेट देशद्रोही ठरवलं गेलं. 2024च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात त्याने 17 बळी घेतले, पण या मुलाला त्या आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट भिडली: दुबईतल्या सामन्यानंतर विराट कोहली पत्रकारांसमोर त्याच्या बाजूने बोलला होता. आपल्या संघातून मात्र कुणाचा साधा फोनही आला नाही, हे सांगताना तो रडला. खरी जखम ही होती. मी प्रशिक्षकांच्या कानावर घातलं, आणि पोरं घरी येऊन त्याला मैदानावर घेऊन गेली.

एक गोष्ट त्याला जड गेली. आधी प्रत्येक चांगल्या चढाईनंतर तो लाइक्स मोजायचा. आता स्पर्धा संपेपर्यंत कौतुकाच्या रीलही बघायच्या नाहीत, असं ठरलंय. तेवढे दिवस खातं बहीण सांभाळते.

लॉबीजवळ तो अजून थबकतो, त्यावर प्रशिक्षक काम करताहेत. तुमच्या मुलाची झोप-भूक दोन आठवडे बिघडलेली राहिली, किंवा जगणंच नको असं ते बोललं, तर थांबू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.